नऊ शाळांचं एकच पान

लेकीनं जेवणाच्या टेबलावर नऊ कागद मांडले, पत्ते मांडावेत तसे, तीन ओळींत तीन-तीन. मग कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, "नाना, माझं डोकं फिरलंय का, बघा जरा."

नानांनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता. पण कुणी काही बघायला सांगितलं की आधी चष्मा पुसायचा, म्हणजे तेवढा वेळ मिळतो, ही त्यांची जुनी सवय. एकतीस वर्षं त्यांनी एका शाळेचं ग्रंथालय सांभाळलं होतं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. ग्रंथालयात मोठ्यानं बोलायचं नसतं, आणि नानांना तर बाहेरही ते कधी जमलं नाही. रिक्षावाल्यानं चुकीच्या गल्लीत सोडलं तरी "इथेच उतरायचं होतं" म्हणून उतरणारा माणूस.

"काल दिवसभर बसून नऊ शाळांच्या वेबसाइट पालथ्या घातल्या," लेक सांगत होती. "वेगळी मदत लागणाऱ्या मुलांसाठी आपल्याकडे काय सोय आहे, हे प्रत्येक शाळेनं लिहून लावायचंच असतं. नियमच आहे तसा. ती पानं छापून घेतली. आणि वाचते तर काय, सगळीकडे एकच! मला वाटलं, मी एकच पान नऊ वेळा छापलं की काय."

"तसंच झालं असेल."

"वर नावं बघा ना. आणि फोटो बघा मुख्याध्यापकांचे. हा एक टकलू, हा दुसरा टकलू, ह्या बाई. एकच शाळा कशी असेल?"

नानांनी पहिला कागद उचलला. 'काही मुलांना वर्गातला आवाज अंगावर आल्यासारखा वाटतो. अशा मुलांसाठी आमच्या ग्रंथालयात मागच्या कपाटाआड एक शांत कोपरा आहे. तिथे एक उशी आहे आणि एक पिवळा दिवा आहे. मूल तिथे हवा तेवढा वेळ बसतं. त्याला कुणी बोलायला लावत नाही. बरं वाटलं की ते आपण होऊन उठतं.'

पुढचं वाचायची त्यांना गरज नव्हती. पुढे काय आहे ते त्यांना पाठ होतं. ते त्यांनीच लिहिलेलं होतं.

त्यांनी कागद खाली ठेवला आणि दुसरा उचलला. मग तिसरा. आठव्या कागदावर तर शाळेचं नाव फक्त वर बदललेलं होतं. खाली पाचव्या ओळीत नानांच्याच जुन्या शाळेचं नाव तसंच राहून गेलं होतं. लेकीच्या ते लक्षात आलं नसावं. नानांनी त्या ओळीवर अंगठा ठेवला.

"मग?" लेकीनं विचारलं.

"सारखंच दिसतंय खरं," नाना म्हणाले.

या पानाची हकीकत अशी. बारा वर्षांपूर्वी नानांच्या शाळेत एक विशेष शिक्षिका आल्या होत्या. बाई वयानं लहान, पण कामाला वाघ. त्यांच्या वर्गातली एक मुलगी दर तासाला बाहेर पळून चपलांच्या फळीखाली लपायची. बाईंनी ग्रंथालयाला चार चकरा मारल्या आणि नानांना म्हणाल्या, "सर, तुमचं मागचं कपाट दोन हात पुढे ओढलं तर चालेल?" नानांनी शिपायाची वाट न बघता स्वतः कपाट ओढलं होतं. कंबर आठ दिवस धरली होती. उशी बाईंनी घरून आणली, दिवा नानांनी. त्यानंतर ती मुलगी पळाली नाही. कपाटामागे बसायची, कधी वीस मिनिटं, कधी दोन तास. मग उठून वर्गात जायची.

पुढच्या वर्षी वरून हुकूम आला की प्रत्येक शाळेनं आपली सोय लिहून प्रसिद्ध करावी. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "नाना, तुमची भाषा चांगली आहे, तुम्हीच लिहा." जन्मभर दुसऱ्यांची पुस्तकं कपाटात लावणाऱ्या माणसाला कुणीतरी लिही म्हटलं होतं. एक पान लिहायला त्यांना नऊ दिवस लागले. 'त्रास होतो' लिहावं की 'अंगावर आल्यासारखा वाटतो' लिहावं, यावर दोन दिवस गेले. शिक्षण खात्याच्या कचेरीला ते पान इतकं आवडलं, की त्यांनी ते नमुना म्हणून सगळ्या शाळांना पाठवलं: या धर्तीवर आपापली माहिती भरावी. नानांनी ते पत्र घरी आणून लेकीच्या आईला वाचून दाखवलं होतं. आई तेव्हा होती.

वर्षभरात बाईंची बदली झाली. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. तिसऱ्या वर्षी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायला जागा हवी म्हणून कपाट पुन्हा भिंतीला गेलं. पान मात्र राहिलं. दर वर्षी मुख्याध्यापिका म्हणायच्या, "नाना, तेवढं साल बदला," आणि नाना साल बदलायचे. असं त्यांनी चार वेळा केलं. पहिल्या वेळी हात अडखळला होता. नंतर अडखळला नाही.

"मला काय वाटतं सांगू?" लेक खुर्ची ओढून बसली. तिचा चेहरा किती तरी दिवसांनी मोकळा दिसत होता. "सगळ्यांचं सारखं आहे, म्हणजे सगळ्यांना सक्तीच केली असणार. कोपरा ठेवायचाच म्हणून. नाना, नऊच्या नऊ शाळांत कोपरा आहे! आपण उगाच रडत बसलो होतो."

नानांचा अंगठा अजून त्या ओळीवरच होता. त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथे त्यांची नात मुंगी पलंगाच्या कडेकडेनं चालत होती, भिंतीला खांदा घासत. चालायला लागली तेव्हापासून ती अशीच भिंतीकडेनं, रांगेत असल्यासारखी चालायची; म्हणून आजीनंच तिला मुंगी म्हणायला सुरुवात केली होती. आता ती सात वर्षांची होती. पहिल्या शाळेत चार महिने ती बाकाखाली कानांवर हात ठेवून बसली. पाचव्या महिन्यात शाळेनं सांगितलं, तुम्ही दुसरीकडे बघा. नियम असा होता की दुसरी शाळा मिळते. पण तिथूनही मूल परत आलं, तर तिसऱ्या शाळेनं घ्यायलाच हवं असं बंधन नव्हतं. फॉर्मवर शाळेचं एकच नाव लिहायचं. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत. तो दिवस सोमवार होता.

"आधी जवळची बघून येऊ या," लेक म्हणाली. "उद्या अर्धी रजा टाकते."

नाना कागद गोळा करू लागले. त्यांना वाटलं, कुणी सांगावं, एखाद्या शाळेनं खरंच केलंही असेल.

जवळच्या शाळेचे मुख्याध्यापक हसतमुख होते. फोटोतला पहिला टकलू तेच. त्यांनी खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, आणि पान समोर धरून मोठ्यानं वाचूनही दाखवलं. "काही मुलांना वर्गातला आवाज अंगावर आल्यासारखा वाटतो. किती छान लिहिलंय ना, ताई? आमच्या शाळेचं धोरणच आहे हे."

नाना स्वतःच्या बुटांकडे बघत बसले.

"कोपरा बघता येईल?" लेकीनं विचारलं.

"अवश्य! चला ना. आजोबा, जिन्याला कठडा नाही, जरा सांभाळून."

पहिल्या मजल्यावरच्या बोळात एक लोखंडी कपाट भिंतीपासून पुढे ओढून उभं केलं होतं. "ग्रंथालय नाही हो आमच्याकडे," मुख्याध्यापक म्हणाले, "पण कपाट आहे. मागे तपासणीला आले होते, त्यांनी विचारलं, पानात लिहिलेला कोपरा कुठाय? म्हटलं, पानात आहे तर असायलाच हवा. लगेच करून घेतला."

कपाटामागे कसाबसा माणूस मावेल एवढी फट होती. वर पिवळा रंग फासलेला एक बल्ब, बंद. खाली स्टुलावर नऊ-दहा वर्षांची एक मुलगी भिंतीकडे तोंड करून बसली होती. पावलं वाजली तरी तिनं मागे बघितलं नाही.

"हिला काय होतंय?" लेकीनं हळूच विचारलं.

"होतंय कसलं! तोंडाची टकळी बंद होत नाही वर्गात. आता बसेल अर्धा तास. खरं सांगतो ताई, या कोपऱ्याचा आम्हांला फार उपयोग होतो. नुसतं नाव काढलं की वर्ग चिडीचूप."

"पण यात लिहिलंय, हवा तेवढा वेळ."

"हो, म्हणजे वर्गशिक्षिकेला हवा तेवढा वेळ," मुख्याध्यापक म्हणाले. ते थट्टा करत नव्हते. त्यांना ते वाक्य खरोखरच तसं समजलं होतं.

भिंतीच्या पोपड्यावर त्या मुलीनं नखानं रेघा ओढल्या होत्या. नानांनी त्या मोजायला सुरुवात केली आणि ते मध्येच थांबले.

परतताना लेक भराभर पुढे चालत होती. मग औषधांच्या दुकानाशी थांबून म्हणाली, "गाढव आहे तो माणूस. पण पान खोटं नाही, नाना."

"म्हणजे?"

"अहो, हे असलं कुणी टेबलाशी बसून रचत नाही. 'बरं वाटलं की ते आपण होऊन उठतं.' हे बघितल्याशिवाय कसं लिहिता येईल? ज्यानं लिहिलंय त्याला मुंगी कळलेली आहे. मुंगी न बघता कळलेली आहे. या सगळ्यांनी कुठून तरी उतरवलंय, एवढं नक्की. म्हणजे उतरवायला एक मूळ शाळा असणार. तिथे कपाट असणार, तो दिवा असणार, आणि तो माणूस असणार. ती शोधायची. मग ती कुठे का असेना. घर बदलू."

"शुक्रवारपर्यंत?"

"शुक्रवारपर्यंत."

लेक रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची. जावई बोटीवर, वर्षातून दोन महिने घरी. बुधवारी रात्रपाळीवाल्याशी वेळ बदलून ती दिवसभर पानांच्या तारखा लावत बसली. कुठलं पान आधीचं, कुठलं नंतरचं. नाना तिला चहा करून देत राहिले. तीन वेळा ते तिच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले आणि तीनही वेळा "साखर बरोबर झालीय का?" एवढंच विचारून परतले.

गुरुवारी सकाळी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि खात्याच्या कचेरीत गेले. त्या बाई आता तिथे आहेत, एवढं त्यांनी ऐकलं होतं. निदान त्यांना माहीत असेल. एखादी शाळा. एखादी बाई. मग लेकीला सगळं सांगायचं, पण रिकाम्या हातानं सांगायचं नाही.

बाई दुसऱ्या मजल्यावर, खिडकीला पाठ करून बसल्या होत्या. केस पांढरे झाले होते. नानांना बघून उभ्या राहिल्या. "सर! तुम्ही? बसा, बसा. कंबर कशी आहे?"

"बरी आहे," नाना म्हणाले. "बाई, तुम्ही इथे काय करता?"

बाईंनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. शाळांच्या नावांची लांबलचक यादी होती आणि प्रत्येकापुढे चौकोन. "एकशे चार शाळा आहेत माझ्याकडे. प्रत्येक शाळेनं सोयीचं पान लावलंय की नाही, बघते. लावलं असेल तर खूण करते. नसेल तर पत्र पाठवते. पत्र गेलं की आठ दिवसांत लावतात."

"आणि वाचता?"

"तुमचं आहे ना. वाचायचं काय त्यात." त्या हसल्या, मग नानांचा चेहरा बघून थांबल्या. "पान आहे की नाही, ते बघायचं काम माझं. कोपरा आहे की नाही, ते बघणारी जागा दोन वर्षांपूर्वी रद्द केली. आता शाळांनी पानात लिहायचं, आणि आम्ही पान बघायचं."

"पण तुम्ही तर शिकवायच्या, बाई."

"शिकवायची. मग इतकं छान पान आलं म्हणून साहेबांनी चौकशी केली, हे कुणाच्या कामावर लिहिलंय? त्यांना अशी अनुभवी बाई कचेरीत हवी होती." बाईंनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. "तुम्हांला माहीत नव्हतं?"

नानांना माहीत नव्हतं. बदली नेहमीची बदली असेल, असं ते इतकी वर्षं समजत होते. त्यांनी तोंड पुसलं. "माझी नात आहे, सात वर्षांची. तुमच्या त्या मुलीसारखी. उद्या दुपारपर्यंत नाव द्यायचंय. कुठे घालू?"

बाईंनी यादीकडे पाहिलं. वरून खाली आणि खालून वर. खोलीत कुणाचा तरी फोन वाजला आणि थांबला.

"सर, मी तुम्हांला खोटं सांगू शकते," त्या म्हणाल्या. "एखादं नाव घेते, तुम्ही बरं वाटून घरी जाल."

"नको."

"मग मला नाही माहीत. आणि एक आठवून बघा. तेव्हासुद्धा आपल्या कोपऱ्यात एकच मुलगी होती. तिच्यासारखी आणखी सहा होती शाळेत. त्यांच्यापर्यंत मी पोचलेच नाही. तुम्ही एका मुलीचं वर्ष लिहिलंत आणि सगळ्यांना वाटलं, शाळा अशी असते."

निघताना बाई जिन्यापर्यंत आल्या. "त्या मुलीचं पुढे काय झालं?" नानांनी विचारलं.

"मी गेल्यावर महिनाभरात तिनं शाळा सोडली. तुम्ही होता की तिथे."

नाना होते तिथे. कपाटामागून कुणी उठत नाही, एवढं त्यांच्या लक्षात आलं होतं. बरं झालं, गठ्ठ्यांना जागा मिळाली, असंही वाटलं असेल. आता काही आठवत नव्हतं.

संध्याकाळी लेक भाजी चिरत होती आणि मुंगी टेबलाखाली बसून डाळीचे दाणे रांगेत लावत होती. नाना दारात उभे राहिले. चष्मा पुसला. मग म्हणाले, "ते पान मी लिहिलंय."

"कुठलं?"

"ते. सगळ्यांचं. माझ्या शाळेसाठी लिहिलं होतं. एका बाईंनी एका मुलीसाठी केलं होतं, ते मी लिहिलं. बाई वर्षात गेल्या. मी चार वर्षं साल बदलत राहिलो. आता तिथे काही नाही. कुठेच काही नाही. आज बाईंना भेटून आलो."

लेकीची सुरी थांबली. नाना तिच्या रागाची वाट बघत होते. राग त्यांना चालला असता. आयुष्यात कुणी रागावलं की त्यांना निदान उभं कुठे राहायचं ते कळायचं. पण ती हसली. अगदी थोडं, नाकातून.

"तुम्ही होय," ती म्हणाली.

"सोमवारीच सांगायला हवं होतं."

"तसं नाही हो." तिनं सुरी खाली ठेवली. "तीन दिवस मी त्या माणसाशी बोलत होते मनातल्या मनात. म्हणत होते, बाबा रे, कुठे आहेस तू, एकदा ये, माझ्या पोरीला बघ. वाटायचं, घराबाहेर, कुठे तरी, आम्हांला न ओळखणारं असं कुणी तरी आहे, ज्याला हे कळतं. आणि ते तुम्ही. आधीच घरात असलेले." तिनं टेबलाखाली पाहिलं. "म्हणजे बाहेर कुणी नाही."

नानांना म्हणायचं होतं, बाहेर बाई आहेत. पण बाई चौकोनात खुणा करत होत्या.

"मी खात्याला पत्र लिहितो," ते म्हणाले. "पान काढून टाका म्हणून. खरं काय ते लिहा म्हणून."

"लिहा. तुमची भाषा चांगली आहे," लेक म्हणाली. ते टोचून म्हटलं होतं की नाही, नानांना कळलं नाही. तिला स्वतःलाही कळलं नसावं. तिनं सुरी उचलली आणि उरलेली भाजी चिरून टाकली.

शुक्रवारी सकाळी नाना उठले तेव्हा ती बाहेरून आत येत होती. केस घामानं चिकटलेले, पायांत धावायचे बूट. टेबलावर फॉर्म होता, त्यावर जवळच्या शाळेचं नाव.

"इथे? त्या कपाटापाशी?" नानांच्या तोंडून निघालं.

"धावत सहा मिनिटं," लेक म्हणाली. "बाकीच्या आठांना बस लागते. नाना, कुठेही घातलं तरी पहिल्या आठवड्यात शाळेतून फोन येणार. आणि कुठेही घातलं तरी एक तर असलंच कपाट असेल, नाही तर तेही नसेल. मग जिथून लवकर उचलून आणता येईल ती शाळा. दुसरं काय बघू?"

"मी बोलतो मुख्याध्यापकांशी. तिच्याजवळ मीच बसतो म्हणून सांगतो."

"मी विचारलं काल रात्री त्यांना फोन करून. बाहेरच्या माणसाला शाळेच्या वेळात आत घेत नाहीत. फाटकापर्यंत येऊ देतात." तिनं बूट काढले. "मी कामावर असते तेव्हा हातांत मोजे, फोन बाहेरच्या कप्प्यात. मला कळायला तास जाईल. म्हणजे फोन तुम्हांलाच येणार. तुम्हांला किती मिनिटं लागतात?"

नानांना माहीत नव्हतं.

"बघून या. पंधराच्या आत असेल तर फॉर्म देते."

"आणि जास्त लागली तर?"

"तरी देते," ती म्हणाली. "पण मला माहीत असू दे."

नाना मनगटावरचं घड्याळ बघून निघाले. पहिल्या वळणापर्यंत भरभर चालले, मग धाप लागली. मोठा रस्ता ओलांडायला थांबावं लागलं, त्यात दीड मिनिट गेलं. शाळेच्या फाटकाशी पोचले तेव्हा तेरा मिनिटं आणि काही सेकंद झाले होते. फाटकाला कुलूप होतं. वरच्या मजल्यावरून पाढ्यांचा एकसुरी आवाज येत होता. फाटकावर काचेच्या चौकटीत पान लावलेलं होतं, चालू साल घातलेलं. नानांनी ते वाचलं नाही.

घरी येऊन त्यांनी सांगितलं, "तेरा. फाटक उघडं असेल तर."

लेकीनं मान हलवली. फॉर्म देताना मूल सोबत न्यावं लागत होतं, म्हणून तिनं मुंगीला बूट घातले, कानांवर लोकरीची पट्टी चढवली, आणि दोघी जिना उतरून गेल्या. मुंगी कठड्याला खांदा लावून उतरली.

घर रिकामं झालं. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. नानांनी पत्रासाठी कोरा कागद काढला, तो तसाच ठेवला, आणि घड्याळ बघून पुन्हा बाहेर पडले. या वेळी मागच्या गल्लीनं. तिथे रस्ता ओलांडावा लागत नव्हता, पण चढ होता. बारा मिनिटं लागली. फाटकाला हात लावून ते परत फिरले, घरापाशी येऊन छातीवर हात ठेवून थोडे थांबले, आणि तिसऱ्यांदा निघाले. चढावर गुडघा कुरकुरला. जरा वेग वाढवला तर अकरावर येईल, असं त्यांना वाटत होतं. तेरा मिनिटं लागली. सवय नाही म्हणून, असं स्वतःशी म्हणत ते परतले, घराच्या दाराला नुसता हात लावला, आणि आत न जाताच वळले.